जॉन कोल्ट्रेन : स्वर आणि उच्चार

संगीत ही एक भाषा आहे, हे विधान इतक्या सैलपणे केले जाते की त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. भाषेतील पदांना संकेताने ठरलेले अर्थ असतात. स्वरांना तसे अर्थ नसतात. तथापि भाषेचा एखादा घटक वाद्यातून प्रत्यक्ष उतरला आहे असे दाखविता आले, तर ते विधान केवळ रूपक न राहता तपासण्याजोगे होते. अमेरिकन जॅझवादक जॉन कोल्ट्रेन (१९२६–१९६७) याच्या सॅक्सोफोनवादनात अशा तपासणीस वाव आहे.

कोल्ट्रेनचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट येथे झाला. त्याचे दोन्ही आजोबा कृष्णवर्णीयांच्या मेथॉडिस्ट चर्चमधील धर्मोपदेशक होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रवचनपरंपरेत वक्ता साध्या बोलण्यापासून आरंभ करतो आणि भावना चढत जाते तसतसा एका आधारस्वरावर स्थिरावून गाण्याच्या उंबरठ्याशी येतो. हा वारसा कोल्ट्रेनच्या वादनात स्पष्ट व्हावयास मात्र बराच काळ लागला. १९५५ साली तो माइल्स डेव्हिसच्या संचात दाखल झाला. हेरॉइन व मद्य यांच्या व्यसनापायी १९५७ मध्ये त्याला तो संच सोडावा लागला; त्याच वर्षी तो व्यसनमुक्त झाला आणि थेलोनिअस मंकसमवेत वाजवू लागला. १९५८ साली आयरा गिटलर या समीक्षकाने त्याच्या वादनाचे वर्णन स्वरांचे सलग पट अशा आशयाच्या शब्दांत केले. १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जायंट स्टेप्स’ या रचनेत बऱ्याच ठिकाणी दर दोन मात्रांना स्वरसंघात बदलतो. हे कौशल्य असामान्य खरे. परंतु त्यात यतीला जागा फारच थोडी आहे, आणि यतीवाचून उच्चार संभवत नाही.

यानंतरचे वळण विरोध ओढवून घेणारे ठरले. १९६१ साली ‘डाउनबीट’ या नियतकालिकात जॉन टायनन याने कोल्ट्रेन व एरिक डॉल्फी यांच्या संगीतास जॅझविरोधी ठरविले. लांबलचक आवर्तने आणि कर्कश ध्वनी यांत त्याला रचनेचे सूत्र दिसले नाही. या आक्षेपाचे सर्वांत समर्थ उत्तर ९ डिसेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या चतुर्भागी कृतीत सापडते.

पहिल्या भागात कोल्ट्रेन चार स्वरांची एक आकृती बाराही स्वरस्थानांवरून फिरवितो. त्यानंतर मानवी कंठातून कृतीचे नाव त्याच आकृतीवर उच्चारले जाते. त्या नावाची अक्षरेही चारच आहेत. येथे स्वराकडून शब्दाकडे प्रवास होतो. ‘स्तोत्र’ या अर्थाचे नाव असलेल्या चौथ्या भागात क्रम उलटतो. कोल्ट्रेनने लिहिलेली प्रार्थना तबकडीच्या वेष्टनावर छापलेली होती. या भागात तीच प्रार्थना त्याने शब्दांवाचून, सॅक्सोफोनवर पठण केली. लुइस पोर्टर या अभ्यासकाने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात पाठ आणि स्वर यांची अक्षरागणिक संगती दाखविली आहे. निश्चित ताल येथे नाही. वाक्य संपते तेथे श्वास येतो, आणि आभाराचे वचन येते तेथे स्वर खाली उतरून विसावतो.

शब्द वगळल्यावर जे उरते ते आघात, आरोहावरोह आणि यती होय. आपल्याकडील गायकी अंगाच्या वादनातही बंदिशीचे शब्द श्रोत्याच्या मनात असतात. पण तेथे एका अक्षरावर स्वरविस्तार होऊ शकतो, तर येथे प्रायः एका अक्षरास एक स्वर मिळतो. म्हणूनच हे गायनाचे नव्हे, पठणाचे अनुकरण आहे.

अशा संगतीबाबत सावधगिरीही अगत्याची आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम येथील चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार मुली मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ध्वनिमुद्रित झालेली ‘अलाबामा’ ही रचना मार्टिन ल्यूथर किंगच्या श्रद्धांजलिपर भाषणाच्या लयीवर बेतली आहे, असे वारंवार सांगितले जाते. परंतु कोल्ट्रेनने त्या रचनेसोबत कोणताही पाठ दिलेला नाही. तिच्यातील शोक ऐकू येतो. तिच्यातील वाक्ये मात्र ऐकणाऱ्याने घातलेली असू शकतात. शोकाची सत्यता त्या दंतकथेवर अवलंबून नाही.

१९६५ च्या ‘असेन्शन’मध्ये अकरा वादकांच्या कल्लोळात अक्षर विरते आणि आर्त हाक उरते. तिला अधःपात म्हणणे अन्यायाचे होईल. पण ‘स्तोत्रा’त श्रोत्याला मिळालेला वाक्याचा आधार तेथे नाही, हेही नाकारता येत नाही. १७ जुलै १९६७ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेनचा अंत झाला. त्याच्या वादनात सूत्र नाही असे म्हणणाऱ्यांनी ते स्वरसंघातांत शोधले होते. ‘स्तोत्रा’पुरते तरी ते उच्चारात होते.