नर्मदाकांठचें खानदेशी गांव आणि आमचें वाङ्मय

खानदेशाचें नांव काढलें कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें तापीचें खोरें उभें राहतें. बहिणाबाई चौधरींचें शेत ह्याच खोऱ्यांतलें, बालकवींचें धरणगांव ह्याच खोऱ्यांतलें, साने गुरुजींचें अमळनेर आणि 'कोसला'च्या नायकाचें सांगवीही तेथलेंच. एवढ्या वाङ्मयानें हा प्रदेश आमच्या ओळखीचा केला, हें ऋण मान्यच केलें पाहिजे. पण खानदेश तापीपाशीं संपत नाहीं. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा चढून, तोरणमाळचें पठार मागें टाकून पलीकडे उतरलें कीं दुसरी एक नदी लागते. नर्मदा महाराष्ट्रास सुमारें ५४ किलोमीटर स्पर्श करते. ह्या कांठावरचीं अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील गांवें आधीं पश्चिम खानदेशांत व मग धुळें जिल्ह्यांत मोडत. १ जुलै १९९८ पासून तीं नंदुरबार जिल्ह्यांत आहेत. ह्या गांवांचें आमच्या वाङ्मयानें काय केलें, हा आजचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर थोडक्यांत असें, कीं मराठी लेखकानें हीं गांवें दोनच ठिकाणांहून पाहिलीं: एक परिक्रमेच्या वाटेवरून, आणि दुसरें धरणाच्या भिंतीवरून. दोन्ही ठिकाणांहून नदी चांगली दिसते. घराच्या आंतलें मात्र कांहीं दिसत नाहीं.

परिक्रमेचें वाङ्मय मराठींत विपुल आहे. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' हें त्याचें शिखर; तिची भाषा आम्हांस आजही मोह घालते. जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'नें तर नवा वाचकवर्ग ह्या वाटेकडे वळविला. परिक्रमावासीयांच्या कथांत शूलपाणीच्या झाडीचें प्रकरण सहसा चुकत नाहीं. भिल्ल येतात, यात्रेकरूचें होतें नव्हतें तें काढून घेतात. यात्रेकरू त्यांस 'मामा' म्हणतो आणि ही नर्मदामाईनेंच घेतलेली परीक्षा असें समजून पुढें चालूं लागतो. यात्रेकरूच्या दृष्टीनें हें थोर आहे. पण वाटेवरच्या भाविकाचें पांघरुणही घ्यावें, अशी पाळी त्या मामावर कां आली. ज्येष्ठ महिन्यांत त्याच्या कणगींत किती दाणे शिल्लक असतात. त्याचीं मुलें काय खातात, हें विचारावें असें ह्या वाङ्मयास क्वचितच वाटलें. मामा हा यात्रेकरूच्या वैराग्याचें साधन होऊन राहिला.

दोष केवळ भाविकतेचा नाहीं. आमच्या ग्रामीण कादंबरीनें गांवाची एक मूर्ति ठरवून टाकली आहे: वेस, पार, चावडी, देऊळ, बलुतेदार. खुद्द खानदेशच्या बालकवींनीं 'औदुंबर' कवितेंत झऱ्यापलीकडच्या टेकडीशीं एक इवलेसें गांव रेखाटलें, आणि नदीकांठचें गांव म्हणजे तसेंच, असें शाळेपासून आमच्या मनांत बसलें. सातपुड्यांत ह्यांपैकीं कांहीं सांपडत नाहीं. तेथें गांव म्हणजे पाडे, आणि पाडा म्हणजे एकेका टेकडीच्या उतारावर आपापल्या शेतांत विखुरलेलीं भिल्लांचीं व पावऱ्यांचीं घरें. बांबूच्या कुडाच्या भिंती, पुढें अंगण, भोंवतीं मका नाहीं तर ज्वारी. शेजारी हांकेच्या अंतरावर. पण कामाच्या वेळीं सारा पाडा एका शेतांत उतरतो व मजुरी न घेतां राबतो. ह्या रीतीस तिकडे 'लाह' म्हणतात. वेस न दिसल्यामुळें लेखकानें त्यास 'रान' म्हटलें. (रान म्हणतांना ॲमेझॉनकांठच्या सदाहरित अरण्याचें चित्र कोणी डोळ्यांपुढें आणूं नये. साग, मोह, सालई, तेंदू, बांबू यांचें हें पानगळीचें जंगल, आणि तेंही आतां बरेंचसें विरळ झालें आहे.) कागदोपत्रींही कांहींसें असेंच घडलें. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे अनेकजण वनजमिनीवरील अतिक्रमणदार ठरले, आणि त्यांचा हक्क मान्य करणारा वनहक्काचा कायदा २००६ सालापर्यंत झाला नाहीं. ज्यास गांव म्हणून कोणी ओळखलेंच नाहीं, तें बुडवितांना कोणाचा हात फारसा अडखळत नाहीं.

बुडण्याची हकीकत सर्वश्रुत आहे. नवागांवच्या धरणाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजीं पंडित नेहरूंनीं बसविली. लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्यें झाला. महाराष्ट्राच्या पदरीं २७ टक्के वीज आली, आणि ३३ गांवांच्या जमिनी बुडीतांत गेल्या. त्यांतलीं ९ अक्कलकुव्याचीं व २४ अक्राणीचीं. १९९३ च्या पावसाळ्यांत मणिबेलींत पाणी शिरलें; शूलपाणेश्वराचें जुनें मंदिर आज जलाशयाखालीं आहे. भिंत अखेर १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्यें जलाशय प्रथमच पूर्ण भरला. धरणाचें स्तोत्रही आमच्या वाङ्मयानें गाइलें होतें. भाक्रा धरणावरील 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही कादंबरी दांडेकरांचीच, हें येथें आठवतें. पुढें १९८५ नंतर नर्मदा बचाव आंदोलन उभें राहिलें तसें वारें फिरलें व विलापाचें लेखन सुरू झालें.

ह्या दुसऱ्या लेखनाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. तें नसतें तर त्या ३३ गांवांचीं नांवेंही आमच्या वाचकांस ठाऊक झालीं नसतीं. तथापि त्यांत एक खोड आहे. बुडणारें गांव अधिक करुण दिसावें म्हणून तें आधीं नंदनवन करून ठेवावें लागतें. मग तेथली गाळपेर दिसते, पण दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं गुजरातेंत गेलेलीं कुटुंबें दिसत नाहींत. मोहाचीं फुलें, चारोळी, डिंक हीं दिसतात, पण आमचुराचें ओझें घेऊन धडगांवच्या बाजारीं निघालेली बाई, आणि तिच्या हातीं पडणारा भाव, हे दिसत नाहींत. वीज, रस्ता, दवाखाना ह्यांची इच्छा त्या माणसास असूंच नये, अशी कांहींशी ह्या लेखकांची अपेक्षा असते.

वस्तुस्थिति काय होती तें बिलगांवानें दाखविलें. नर्मदेस मिळणाऱ्या उदई नदीच्या धबधब्यावर तेथील लोकांनीं केरळांतून आलेल्या दोन तरुण अभियंत्यांच्या साहाय्यानें, स्वतःच्या श्रमदानानें, १५ किलोवॅटचें वीजघर उभारलें. जानेवारी २००३ मध्यें पाड्यांत दिवे लागले. मोठ्या धरणास विरोध करणाऱ्यांनींच बांधलेला हा लहानसा बांध! त्यावरून सुचलेला 'स्वदेस' हा बोलपट २००४ सालीं निघाला व पुष्कळांनीं पाहिला. पण त्यांत गांव उत्तर प्रदेशांतलें कल्पित चरणपूर झालें, चित्रण वाईजवळ कृष्णाकांठच्या मेणवलीस झालें, आणि वीज आणण्याचें श्रेय अमेरिकेहून परतलेल्या एका शास्त्रज्ञास मिळालें. बोलपटास नायक लागतो हें आम्ही समजूं शकतों. तरीही सातपुड्याचें गांव त्यांतून इतकें साफ नाहींसें व्हावें, ह्याचें नवल वाटतें. खरें वीजघर ऑगस्ट २००६ च्या पुरांत उद्ध्वस्त झालें. त्यावर कोणी कथा लिहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

ह्या पार्श्वभूमीवर वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७) हा संग्रह पुन्हा वाचण्यासारखा आहे. सोनवणे शहादे भागांतले, म्हणजे डोंगराच्या अलीकडचे. नर्मदाकांठ हा त्यांचा विषय नव्हे. पण त्यांची 'स्टेज' ही कविता ह्या सर्व वाङ्मयास लागू पडते. ज्यांचें दुःख त्यांस व्यासपीठावर कोणी बोलावीत नाहीं, आणि तेंच दुःख दुसऱ्याच्या तोंडून खालीं बसून ऐकण्याची वेळ त्यांच्यावर येते, हा तिचा आशय. तींत आक्रोश नाहीं, अलंकार तर मुळींच नाहीं. आणि म्हणूनच ती टोंचते. कांहीं टीकाकारांनीं अशा कवितेस 'ओबडधोबड' म्हणून बाजूस सारलें. आमच्या मतें तो ओबडधोबडपणा नव्हे. दुसऱ्याच्या भाषेंत जपून बोलणाऱ्या माणसाचा तो नेमकेपणा आहे.

भिली व पावरी बोलींत गायनें आहेत, देवांच्या उत्पत्तिकथा आहेत, रात्रभर चालणारें आख्यान आहे. तें मराठींत फार थोडें आलें, आणि आलें तें बहुधा संशोधकाच्या टिपणांतून. परंतु १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी व निमगव्हाण येथें जीवनशाळा निघाल्या. तेथें मुलें पहिले धडे स्वतःच्या बोलींत शिकलीं व मग मराठीकडे वळलीं. त्यांतलीं कांहीं पुढें त्याच शाळांत शिक्षक झालीं. पाणी चढलें तसे पाडेही वर सरकले. कांहीं कुटुंबें तळोदे तालुक्यांत सोमावळ, रेवानगर अशा वसाहतींत गेलीं, कांहीं डोंगरावरच राहिलीं आणि होडींतून दवाखान्यास व बाजारास जाऊं लागलीं. गेलेल्या व राहिलेल्या भावंडांच्या ह्या दोन संसारांत एका मोठ्या कादंबरीचा ऐवज पडला आहे. ती पुण्यामुंबईच्या कोणा लेखकानें तेथें चार दिवस राहून लिहावी, असें आम्हांस वाटत नाहीं. जीवनशाळेंतून निघालेल्या एखाद्यानें ती पावरींत लिहिली, तर ती छापण्यास आमचे प्रकाशक तयार आहेत काय, एवढें त्यांनीं आधींच सांगून ठेवावें.