एव्हँजेलिन : न उच्चारलेल्या नावाची कथा

एखाद्या धर्मग्रामाची स्नानसंस्काराची जुनी नोंदवही उघडली, की पानोपानी तीच ती ओळखीची नावे भेटतात. मेरी, अ‍ॅना, रोझा, कॅथरीन, अ‍ॅग्नेस, सिसिलिया. आजीचे नाव नातीला, आत्याचे भाचीला. आणि त्या प्रत्येक नावामागे एक संत, तिचा सण, तिची प्रार्थना. अशा नावांच्या मांदियाळीत ‘एव्हँजेलिन’ हे नाव विरळाच आढळते. या नावाची कोणी संत आपल्या परिचयाची नाही. मुलीचे नाव म्हणून त्याचा प्रसार वेदीवरून झाला नाही, कवितेच्या पानांवरून झाला. ही कविता कोणती, तिने या नावाला काय दिले आणि पुढे या नावाने त्या कवितेलाही कसे मागे टाकले, याचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ग्रीक भाषेत ‘एउ’ म्हणजे शुभ आणि ‘आंगेलोस’ म्हणजे निरोप आणणारा, दूत. या दोहोंपासून ‘एउआंगेलिऑन’ हा शब्द बनला. लॅटिनने तो ‘एव्हांजेलियुम’ असा घेतला. मराठीने त्याला ‘शुभवर्तमान’ आणि ‘सुवार्ता’ असे दोन देखणे शब्द दिले. ‘एंजल’, म्हणजे देवदूत, हा शब्दही त्याच ‘आंगेलोस’पासून आलेला आहे. तेव्हा एव्हँजेलिन या नावात सुवार्ताही आहे आणि देवदूतही आहे.

अमेरिकन कवी हेन्री वॉड्‌सवर्थ लाँगफेलो (१८०७–१८८२) याने १८४७ साली ‘एव्हँजेलिन : अ टेल ऑफ अकेडी’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले आणि इंग्रजी भाषिक जगात हे नाव घरोघरी पोहोचले. कथाबीज त्याला अनपेक्षितपणे लाभले. हॉरेस कॉनोली नावाच्या एका धर्मोपदेशकाने ही हकिकत कादंबरीकार नॅथनिएल हॉथॉर्न याला सांगितली होती. परंतु हॉथॉर्नचे मन तिच्यात रमले नाही. जेवणाच्या टेबलावर तीच हकिकत ऐकताच लाँगफेलोने ती मागून घेतली. नायिकेचे, आणि पर्यायाने काव्याचे, नाव काय ठेवावे हा प्रश्न त्याला बराच पडला होता. डिसेंबर १८४५ मधील त्याच्या रोजनिशीत गॅब्रिएल, सेलेस्टीन व एव्हँजेलिन अशी तीन नावे विचारासाठी मांडलेली दिसतात. बारशाच्या आदल्या रात्री आपल्या घरी चालते तशीच ही चर्चा! अखेरीस त्याने सुवार्तेची निवड केली.

काव्यामागील इतिहास मात्र सुवार्तेचा नव्हे. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया परिसरात ‘अकेडी’ ही फ्रेंच वसाहत होती. तेथील कॅथलिक शेतकऱ्यांनी समुद्राच्या भरतीला बांध घालून, पाणी बाहेर सोडणारी पण आत न येऊ देणारी दारे बसवून खाऱ्या दलदलीतून सुपीक जमीन निर्माण केली होती. गोव्याची खाजणे व त्यांची मानस पाहिलेल्या वाचकाला ही किमया सहज उमगेल. १७१३ च्या उत्रेख्त येथील तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला. शस्त्र उचलण्याची सक्ती करू शकेल अशी बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घेण्यास अकेडियन लोक तयार होईनात. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्रां प्रे या गावच्या चर्चमध्ये ४१८ पुरुषांना व मुलांना एकत्र बोलावून कर्नल जॉन विन्स्लो याने त्यांच्या हद्दपारीचा हुकूम ऐकवला. जेथे शुभवर्तमान वाचले जाई त्याच मंदिरात ही अशुभ वार्ता वाचली गेली. पुढील आठ वर्षांत सुमारे दहा हजार माणसे जहाजांत कोंबून देशोधडीला लावण्यात आली. घरे जाळली गेली, कुटुंबे फुटली, कित्येक जण सागरातच संपले.

लाँगफेलोच्या काव्यात हा सारा विध्वंस एका जोडप्याच्या ताटातुटीत सामावला आहे. एव्हँजेलिन बेलफाँतेन आणि गाब्रिएल लाजनेस यांचा वाङ्‌निश्चय होतो आणि लगोलग हद्दपारीचा हुकूम येतो. बाप किनाऱ्यावरच प्राण सोडतो. गाब्रिएल एका जहाजात, ती दुसऱ्या. तेथून तिचा शोध सुरू होतो. नद्या, अरण्ये, माळराने, जेझुइट धर्मगुरूंचे मिशन असा तो आयुष्यभर चालतो. लुइझियानातील एका दुपारी ती बेटाच्या काठावर झोपलेली असताना दुसऱ्या अंगाने गाब्रिएलची होडी निघून जाते. दोघांपैकी कोणालाच कळत नाही. संपूर्ण काव्यातील हा सर्वांत हृद्य प्रसंग होय, कारण येथे कवीने एकही अश्रू ढाळलेला नाही. शेवटी फिलाडेल्फिया शहरात ती व्रतस्थ भगिनी होते. साथीच्या दिवसांत दीनांच्या दवाखान्यात सेवा करीत असता मरणासन्न गाब्रिएल तिच्या दृष्टीस पडतो. तो तिचे नाव उच्चारू पाहतो. पण ओठ हलतात, शब्द उमटत नाही.

या काव्यातील नावे ध्यानपूर्वक वाचण्याजोगी आहेत. ‘बेलफाँतेन’ म्हणजे सुंदर झरा, ‘लाजनेस’ म्हणजे तारुण्य, पित्याचे नाव बेनेडिक्ट म्हणजे आशीर्वादित, तर गावच्या वृद्ध धर्मगुरूंचे नाव फेलिशियन, ज्यात सुखाचा अर्थ आहे. सर्वांत अर्थपूर्ण आहे ती नायक-नायिकेच्या नावांची जोडी. लूकच्या शुभवर्तमानात गाब्रिएल दूत नाझरेथच्या कुमारीकडे सुवार्ता घेऊन येतो. येथे क्रम उलटा झाला आहे. गाब्रिएलच हरवला आहे आणि सुवार्ता त्याच्या शोधात वणवण हिंडते आहे. ती भेटते तेव्हा त्याला तिचे नावही घेता येत नाही. कवीने हे जाणूनबुजून केले की सहज घडले, हा प्रश्न गौण आहे. काव्याच्या शेवटाला जे गांभीर्य प्राप्त होते ते या नावांमुळेच होते, एवढे निश्चित म्हणता येते.

तथापि काव्याचे दोष झाकून चालणार नाही. लाँगफेलोने नोव्हा स्कोशिया कधी पाहिलेही नव्हते. त्याचे ग्रां प्रे ग्रंथांतून उभे राहिलेले आहे. अठराव्या शतकातील तेथील स्त्रियांची नावे मरी, आन, मार्गरीत, मादलेन अशी असत. एव्हँजेलिन हे त्यांच्यापैकी नव्हे. नायिकेला त्याने ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या संघात पाठवले, परंतु तो संघ कॅथरीन मॅकॉली यांनी डब्लिन येथे स्थापन केला तो १८३१ साली, म्हणजे कथेच्या काळानंतर कित्येक वर्षांनी. या चुका क्षम्य आहेत. गंभीर दोष वेगळाच आहे. विन्स्लो आणि त्याचे बहुतेक सैनिक मॅसॅच्युसेट्‌सचे होते. लाँगफेलोचे वास्तव्यही मॅसॅच्युसेट्‌सचेच. परंतु काव्यात इंग्रज राजाचा हुकूम गाजतो आणि कवीच्या स्वतःच्या प्रांताचा हात मात्र धुक्यात राहतो. अन्यायाचे रूपांतर नियतीत झाले, की वाचक हळहळतो आणि सुटतो. त्याला कोणाला जाब विचारावा लागत नाही. शिवाय नायिका सोसते, वाट पाहते, क्षमा करते, पण एकदाही संतापत नाही. सहनशीलता हा ख्रिस्ती सद्‌गुण खराच. परंतु मोझेसच्या बहिणीपासून ज्यूडिथपर्यंतच्या बायबलमधील स्त्रिया केवळ सोसणाऱ्या नाहीत, हे आपण विसरू नये.

आणि तरीही ज्यांच्यावर हे काव्य रचले गेले त्या लोकांनीच ते आपलेसे केले, ही या नावाच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे. पांफिल ल मे याने १८६५ साली त्याचा फ्रेंच अनुवाद केला. विखुरलेल्या आणि शतकभर मुक्या राहिलेल्या अकेडियन समाजाला जणू स्वतःची कथा परक्याच्या तोंडून ऐकू आली. १८८१ साली त्यांनी स्वर्गोन्नत मरियेला आपली आश्रयदात्री मानून १५ ऑगस्ट हा आपला राष्ट्रीय सण ठरवला. आणि १८८७ साली त्यांचे जे फ्रेंच वृत्तपत्र निघाले त्याचे नाव होते ‘लेव्हांजेलीन’. ते १९८२ पर्यंत चालले. ग्रां प्रे येथे १९२० साली एव्हँजेलिनचा पुतळा उभा राहिला. हद्दपार झालेल्यांच्या वंशजांनी जेथे बिऱ्हाड केले त्या लुइझियानात, जेथे जिल्ह्याला आजही ‘पॅरिश’च म्हणतात, १९१० साली ‘एव्हँजेलिन पॅरिश’ स्थापन झाला. तेथील सेंट मार्टिनव्हिल गावच्या चर्चशेजारीही तिचा पुतळा आहे. १९२९ च्या चित्रपटात तिची भूमिका करणाऱ्या दोलोरेस देल रिओ या अभिनेत्रीचा चेहरा त्याला लाभला आहे. जी कधी जन्मलीच नाही तिची स्मारके व्हावीत, यावर हसणे सोपे आहे. परंतु ज्यांच्या आजी-पणजींच्या कबरींचा ठावठिकाणा उरला नाही, त्यांना हात जोडण्यासाठी एक नाव हवे होते. ते कवीने दिले.

नंतरच्या पिढीने या नावाशी भांडणही मांडले. अकेडियन लेखिका आंतोनीन माये यांनी १९७५ साली ‘एव्हांजेलीन द्यूस’ म्हणजे ‘दुसरी एव्हँजेलिन’ हे नाटक लिहिले. त्यातली एव्हँजेलिन ऐंशी वर्षांची, फटकळ आणि जिवंत आहे. पुढे त्यांच्या ‘पेलाजी ला शारेत’ या कादंबरीला १९७९ चा गोन्कूर पुरस्कार मिळाला. तिची नायिका विधवा आहे आणि ती प्रियकराच्या शोधात हिंडत नाही. बैलगाडी जुंपून आपल्या माणसांना मायभूमीकडे परत नेते. लाँगफेलोच्या काव्याची याहून चांगली समीक्षा कोणत्याही टीकाकाराने केली असेल असे वाटत नाही.

अमेरिकेत मात्र हे नाव कवितेच्या बळावरच पसरले. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) या कादंबरीतील लहानगी ईव्हा ही वास्तविक एव्हँजेलिन सेंट क्लेअर. साल्व्हेशन आर्मीच्या पहिल्या स्त्री-जनरल एव्हँजेलिन बूथ यांना आईवडिलांनी हाक मारायला ‘ईव्हा’ हे नाव दिले होते. ‘एव्हँजेलिन’ त्यांनी पुढे धारण केले. तरीही मेरी किंवा मार्गारेट यांच्या पंक्तीला ते नाव कधी बसले नाही. १९६० च्या दशकानंतर ते जवळजवळ दिसेनासे झाले आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा वर आले. ‘लॉस्ट’ ही दूरचित्रवाणी मालिका २००४ मध्ये सुरू झाली, तिच्यातील कॅनेडियन अभिनेत्री एव्हँजेलिन लिली हिचा यात वाटा असावा. डिस्नेच्या २००९ मधील ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटात लुइझियानातला एक काजवा आकाशातल्या चांदणीलाच एव्हँजेलिन म्हणून साद घालतो. हे नाव मुलीला ठेवणाऱ्या कित्येक तरुण आईबापांनी लाँगफेलोची एक ओळही वाचलेली नसेल.

मग असे नाव स्नानसंस्काराच्या वेळी ठेवावे काय? १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा ८५५ वा नियम संताचेच नाव हवे असा आग्रह धरीत नाही. ख्रिस्ती भावनेला परके नाव देऊ नये, एवढेच तो सांगतो. ज्या नावाचा अर्थच सुवार्ता आहे ते परके कसे ठरावे? प्रश्न परवानगीचा नाही, जाणिवेचा आहे. केवळ कानाला गोड लागते म्हणून ठेवलेले नाव दहा वर्षांत शिळे होते. मुलगी मोठी झाल्यावर ‘माझे नाव कोठून आले?’ असे विचारील, तेव्हा तिला केवळ वाट पाहणाऱ्या नायिकेची गोष्ट सांगू नये. गावाबाहेर काढलेल्या माणसांचीही सांगावी. भरतीला बांध घालणाऱ्या त्यांच्या हातांची सांगावी. बैलगाडी जुंपून त्यांना परत नेणाऱ्या पेलाजीचीही सांगावी.

काव्यातला गाब्रिएल मरताना ते नाव उच्चारू शकला नाही. पुढे एका विस्थापित समाजाने ते मोठ्याने उच्चारले आणि त्या उच्चारातून स्वतःला ओळखले. नाव लहान मुलीचे असो वा समाजाचे, कोणीतरी प्रेमाने हाक मारल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.