उसना गळा : ‘कट्यार काळजात घुसली’चे चित्रपटरूप

गाजलेल्या नाटकाचा चित्रपट झाला, की मूळ संहिता हाती घेऊन त्यातील फेरफार टिपत बसणे हा अभ्यासकांचा आवडता उद्योग होय. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकावरून सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाविषयी (२०१५) अशी यादी सहज करता येईल. कट्यारीलाच निवेदक करून तिला रीमा लागू यांचा आवाज दिला आहे. जितेंद्र अभिषेकी यांच्या चालींशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गीते बसविली आहेत. परंतु हे फेरफार म्हणजे चुका नव्हेत. माध्यम बदलले, की एवढे स्वातंत्र्य द्यावेच लागते. चित्रपटाची खरी चूक अन्यत्र आहे, आणि तिचा संबंध कथानकापेक्षा ध्वनीशी अधिक येतो.

या नाटकाचा विषयच मुळी गळा हा आहे. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांचे वैर हे दोन गायकींचे वैर. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद सालगवराळी आणि धानी अशा दोन रागांत बांधून अभिषेकींनी ते श्रोत्यांच्या कानांवर सिद्ध केले. शब्द तेच, अर्थही तोच. भेद स्वरांचा आणि ते लावणाऱ्या देहाचा. सदाशिव जी विद्या चोरतो तीही कानाने टिपून गळ्यात उतरवावयाची. म्हणूनच वसंतराव देशपांडे यांच्या खाँसाहेबांचा बोलता आवाज तानेत शिरे, तेव्हा बोलणे कोठे संपले हे सांगणे कठीण होई. नागपूरकरांना याचे विशेष अप्रूप वाटावे. लेखक ‘रंजन कला मंदिर’चे दारव्हेकर मास्तर, आणि वसंतरावांचे प्रारंभीचे गायनशिक्षणही येथेच, शंकरराव सप्रे यांच्याकडे झालेले.

चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकर यांचा, गाणे राहुल देशपांडे यांचे; सदाशिवाचा चेहरा स्वतः भावे यांचा, गाणे महेश काळे यांचे. गायनात उणे काढावयास जागा नाही. ‘अरुणि किरणी’साठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परंपरेचा योगही मनोहर आहे : राहुल हे वसंतरावांचे नातू, तर काळे हे अभिषेकींचे शिष्य. तथापि बोलणारा कंठ आणि गाणारा कंठ भिन्न असले, की पट्टी, अनुनासिकता, आकार लावण्याची ठेवण हे सारे बदलते आणि सांधा कानाला खुपतो. बोलपटाने हा सांधा न ऐकण्याची सवय आपल्याला लावली आहे. एखाद्या प्रेमगीतात तो खपूनही जातो. येथे तो खपू नये, कारण येथे माणसे गळ्यापायीच एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. नाटकाच्या नव्या प्रयोगांत राहुल देशपांडे यांनी खाँसाहेबांची भूमिका स्वतः केली होती, हे ध्यानात घेता ही विभागणी अटळ होती असेही म्हणता येत नाही.

अपवाद भानुशंकरांचा. ती भूमिका शंकर महादेवन यांनी केली आणि तिची गाणीही त्यांनीच गायिली. अभिनय नवखा आहे, हे मान्य करावे लागेल. पण बोलण्यातून गाणे निघते ते त्यांचेच. चित्रपटात शेंदूर खाऊ घालून ज्याचा आवाज घालविला जातो, तो नेमका हाच पुरुष. त्यानंतर पडद्यावर उरतात ते उसन्या गळ्याचे दोन गवई. हा विरोध दिग्दर्शकाने हेतुतः साधला असेल असे वाटत नाही. तसे असते, तर त्याचा काही उपयोग करून घेतलेला दिसला असता.