परक्या परवान्यावरचे खेळ

२०२५ सालच्या १४ ऑक्टोबरला 'विंडोज १०' या प्रणालीच्या नियमित आधाराची मुदत संपली, आणि तिच्यानंतरच्या आवृत्तीने पात्रतेचे जे निकष लावले आहेत त्यांत न बसणारी असंख्य यंत्रे, हातपाय धड असताना केवळ वयाच्या दाखल्यावरून घरी बसविलेल्या कारकुनांप्रमाणे, कागदोपत्री निकामी ठरली. मोठ्या शहरांतील कचेऱ्यांतून उतरविलेले जे डेस्कटॉप जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर 'सेकंडहँड' म्हणून मिळतात आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलाच्या घरी मोठ्या कौतुकाने येतात, त्यांतील बरेचसे याच वर्गातले. अशा यंत्रावर लिनक्स टाकावे, हा सल्ला आता सर्रास दिला जातो. आणि तो ऐकून त्या मुलाच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो तो अभ्यासाविषयीचा नसतो. "गेम चालतील का?" एवढेच त्याला विचारावयाचे असते. प्रश्न वाटतो तितका उथळ नाही. ज्या कलाप्रकाराचे कारागीर, रसिक आणि रंगमंच हे तिन्ही एकाच कंपनीच्या आवारात वाढले, तो त्या आवाराबाहेर जगू शकेल काय, असाच त्याचा व्यापक अर्थ आहे.

उत्तराचा पूर्वार्ध होकारार्थी आहे, आणि तो सहजासहजी मिळालेला नाही. लिनक्सचा गाभा १९९१ सालचा. आणि विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालविण्याची तजवीज करणारा 'वाइन' हा प्रकल्प १९९३ इतका जुना. 'इद सॉफ्टवेअर'ने १९९७ च्या अखेरीस 'डूम' या खेळाची संहिता सर्वांना खुली केली तेव्हा, डॉस-आवृत्तीतील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने, लिनक्स-आवृत्तीची संहिता पुढे करावी लागली होती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९९८ मध्ये निघालेल्या 'लोकी' या अमेरिकन कंपनीने नामांकित खेळांच्या खास लिनक्ससाठी आवृत्त्या काढण्याचा व्यवसाय आरंभिला आणि २००२ च्या प्रारंभी तो गुंडाळला. पुढे खेळांचे सर्वांत मोठे विक्रीघर जे 'स्टीम', ते चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्सवर आपले दुकान थाटले. २०१५ साली लिनक्सवर चालणारी 'स्टीम मशीन' नावाची यंत्रेही तिच्या पुढाकाराने बाजारात आली आणि ती सपशेल पडली, कारण यंत्र होते पण त्यावर खेळावयास पुरेसे खेळ नव्हते. या अपयशातून जो धडा घेतला गेला त्याचे फळ म्हणजे ऑगस्ट २०१८ मध्ये आलेला 'प्रोटॉन'. खेळकर्त्यांची मनधरणी करीत बसण्यापेक्षा त्यांचे विंडोजचेच खेळ, त्यांच्या संहितेला हात न लावता, लिनक्सवर चालवून दाखवावे, हा त्यामागील विचार. फेब्रुवारी २०२२ पासून मिळू लागलेल्या 'स्टीम डेक' या हातातल्या यंत्राचा सारा डोलारा प्रोटॉनवर उभा आहे. आणि स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच ३ टक्क्यांच्या वर गेला. शंभरातले तीन हा आकडा मिरविण्यासारखा नाही खरा, परंतु वर्षानुवर्षे एका टक्क्याच्या आसपास घोटाळणाऱ्या पक्षाला तो तुच्छही वाटणार नाही.

मात्र खानदेशातील आपल्या मुलाला या होकाराचा किती उपयोग, हे त्याचे यंत्र कोणत्या पिढीचे आहे यावर अवलंबून आहे, आणि येथे जरा थांबून बारकाव्यात शिरणे भाग आहे. विंडोजचा खेळ चित्रे रेखाटण्यासाठी 'डायरेक्ट थ्रीडी'च्या परिभाषेत हुकूम सोडतो. प्रोटॉनमधील 'डीएक्सव्हीके' हा घटक ते हुकूम 'व्हल्कन' या दुसऱ्या परिभाषेत उतरवून चित्रयंत्राकडे रवाना करतो. नोव्हेंबर २०२२ पासून या घटकाला व्हल्कनची १.३ ही आवृत्ती लागते. इंटेलची चौथ्या पिढीची चिप तेथवर पोहोचत नाही, सहाव्या आणि सातव्या पिढीची पोहोचते. आणि 'विंडोज ११'ने नाकारलेल्या यंत्रांत नेमक्या याच सहाव्या-सातव्या पिढीचा मोठा भरणा आहे. म्हणजे जे यंत्र मायक्रोसॉफ्टच्या दप्तरी बाद झाले ते लिनक्सच्या दप्तरी पुरेपूर पात्र आहे. त्याहून दोन पिढ्या जुने यंत्र मात्र दोन्हीकडे अर्धवट राहते आणि त्याला जुन्या, संथ वाटेने जावे लागते. दुकानदार हा भेद सांगत नाही. 'आय फाइव्ह आहे, सगळं चालतं,' एवढे त्याचे विधान. ते पूर्णपणे खोटेही नसते, पण 'आय फाइव्ह' हे नाव चौथ्या पिढीलाही आहे आणि सातव्या पिढीलाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा यंत्रावर प्रचंड, अद्ययावत खेळांची अपेक्षा धरणे व्यर्थच. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतील उत्तम लहान खेळ त्यावर समाधानाने खेळता येतात, आणि माझ्या मते या कलेतील पुष्कळसे खरे सौंदर्य त्या लहान खेळांतच साठलेले आहे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या जिल्ह्यात, मोठे कार्ड बसवून खोलीत आणखी एक चूल पेटविण्याची हौस तशीही परवडणारी नाही.

आता उत्तरार्ध. प्रोटॉनच्या यशाने आनंदित झालेले लोक एक गोष्ट सांगावयाचे टाळतात, ती ही की, या यशाने लिनक्ससाठी खेळ घडविण्याची निकडच संपवून टाकली. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' पाहा. भारतीय पुराणकथांच्या आणि वास्तुशिल्पाच्या आधाराने रचलेला, महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेला हा देखणा खेळ स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि विंडोज यांवर आला. लिनक्सवर आला नाही. त्याबद्दल कर्त्यांना दोष देता येत नाही. थोड्या माणसांनी, बेताच्या पैशांत केलेल्या कामाला आणखी एका आवृत्तीचा खर्च कशाला, हा त्यांचा हिशेब चोख आहे. परंतु अशा हिशेबामुळे लिनक्सचा रसिक कायमचा दुसऱ्याच्या पंगतीतील पाहुणा ठरतो. या आक्षेपावर एक नामी प्रत्युत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे: लोकीने खास लिनक्ससाठी काढलेल्या आवृत्त्या आजच्या लिनक्सवर चालविताना नाकी नऊ येतात, आणि त्याच काळातील विंडोजचे कित्येक खेळ वाइनमधून निमूटपणे चालतात. स्वदेशी म्हणून घडविलेली वस्तू मोडून पडावी आणि परदेशी वस्तू दुरुस्त करून टिकावी, असा हा विपरीत अनुभव आहे. तरीही मला वाटते की, तेथे उणीव होती ती संहिता बंद ठेवल्याची. 'डूम'ची संहिता खुली होती म्हणूनच तो खेळ आजही वाटेल त्या यंत्रावर चालतो.

आणि पाहुण्याला वाटेल तेव्हा उठविताही येते. ऑनलाइन सामन्यांत लबाडी रोखण्यासाठी जो पहारा बसविलेला असतो, तो लिनक्सवर चालू द्यावयाचा की नाही, हे खेळाचा मालक ठरवितो. 'इझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन मोठ्या पहारेदारांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला मुभा दिली आहे. म्हणजे अडचण बव्हंशी तंत्राची उरलेली नाही, परवान्याची आहे. 'एपेक्स लेजंड्स' काही वर्षे लिनक्सवर व्यवस्थित चालला आणि ऑक्टोबर २०२४ अखेर मालकांनी फर्मान काढून तो बंद केला. 'व्हॅलोरंट'चा पहारा तर विंडोजच्या गाभ्यातच ठाण मांडतो. लिनक्सच्या हद्दीत त्याचे अस्तित्व नाही, आणि २०२४ च्या मे महिन्यात तोच पहारा 'लीग ऑफ लेजंड्स'वर बसताच वाइनमधून तो खेळणाऱ्यांचा मार्ग खुंटला. उलट 'काउंटर-स्ट्राइक', ज्याची जुनी १.६ आवृत्ती सायबर कॅफेत आणि वसतिगृहांत खेळून एक अख्खी पिढी मोठी झाली, तो खास लिनक्ससाठीही निघतो. कारण त्याचा मालक आणि प्रोटॉनचा आश्रयदाता एकच. आश्रयदात्याची मर्जी आहे तोवर हे वैभव टिकावयाचे.

खानदेशात या साऱ्या चर्चेला आणखी एक अडसर आहे, आणि तो म्हणजे येथे विंडोजला किंमतच मोजावी लागत नाही. 'विंडोज टाकून देतो' हे वाक्य यंत्राच्या किमतीतच धरलेले असते. घरासाठी परवाना रीतसर विकत घेणारा गिऱ्हाईक विरळा, आणि खेळही पेनड्राइव्हवरून 'रिपॅक' होऊन येतात. तेव्हा लिनक्स फुकट आहे, हा युक्तिवाद ज्याच्या घरी सर्वच काही फुकट आहे त्याच्यापुढे लंगडा पडतो. शिवाय २००१ पासून 'एमएस-सीआयटी'च्या वर्गांनी तालुक्या-तालुक्यात संगणकसाक्षरता नेली, ती मुख्यतः विंडोज आणि ऑफिस यांच्याच रूपाने. आणि सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडावयाचे असल्याने संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण जणू राजमान्य झाले. ज्या जिल्ह्यातील अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रोचा जन्म झाला आणि ज्या कंपनीने पुढे संगणक बनविले, त्या जिल्ह्याला यंत्राचे वावडे असण्याचे कारण नव्हते. पण ते संगणक अमळनेरला बनले नाहीत हेही खरे. उरला मोबाइल. 'बीजीएमआय' खेळणारा धुळ्याचा मुलगा ज्या अँड्रॉइडवर खेळतो त्याचा गाभा लिनक्सचाच आहे, असे सांगून काहीजण समाधान मानतात. हे समाधान पोकळ आहे. गाभा खुला असला तरी खेळणाऱ्याच्या हाती त्यातले काहीच येत नाही, आणि २०२२ च्या जुलैमध्ये सरकारी हुकूम निघताच तो खेळ दुकानांतून नाहीसा झाला, तो थेट पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात परतला.

महाराष्ट्रात याहून वेगळा एक प्रयोग होऊन गेला आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत, २००७ साली मुलांच्या हाती 'एक्सओ' हे लहान हिरवे लॅपटॉप देण्यात आले. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि आत फेडोरा लिनक्स, एवढीच त्याची संपत्ती. याच यंत्रासाठी 'सिमसिटी' या प्रख्यात नगररचनेच्या खेळाची मूळ संहिता मालकांनी देऊ केली आणि जानेवारी २००८ मध्ये ती 'मायक्रोपोलिस' नावाने मुक्त परवान्याखाली खुली झाली. प्रयोग यथावकाश मावळला. पण खेळ वापरावयास देणे आणि खेळ उघडून पाहावयास देणे यांतील अंतर त्याने ओळखले होते.

हे दुसरे देणे आज अधिक सुलभ आहे. 'गोडो' हे खेळ घडविण्याचे साधन २०१४ पासून मुक्त आहे, लिनक्सवर मूळचेच चालते, आणि सहाव्या पिढीच्या जुन्या डेस्कटॉपला द्विमितीय खेळापुरते ते मुळीच जड होत नाही. मार्च २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती येईपर्यंत त्यात देवनागरीचे हाल होत: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. चौथ्या आवृत्तीने हा दोष काढला. अहिराणीत किंवा लेवा बोलीत संवाद असलेला खेळ शुद्ध अक्षरांत पडद्यावर आणण्यास आता कोणाचा परवाना लागत नाही, ही मला प्रोटॉनच्या सर्व पराक्रमांहून मोठी घटना वाटते. कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात संगणक शिकणाऱ्या मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' किती पिढ्या सादर करावी, याला काही सुमार असावा. त्याच्या जागी केळीच्या बागेत चालणारा एखादा खेळ आला, तर बहिःस्थ परीक्षकाला अहवालाची पाने उलटून सही करता येणार नाही, बसून खेळावे लागेल; आणि तो पुण्याकडचा असला तर अहिराणी संवाद समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यालाच शेजारी बसवून घ्यावे लागेल.