गावचा निवाडा आणि डोळ्यांचा रंग : 'द फ्रँचाइज अफेअर'

रहस्यकथा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड उभे राहतात. पाठोपाठ प्रेत, पिस्तूल, पाठलाग आणि अखेरच्या पानावर उघडा पडणारा खुनी असा सारा सरंजाम येतो. जोसेफिन टे या स्कॉटिश लेखिकेची १९४८ साली प्रसिद्ध झालेली 'द फ्रँचाइज अफेअर' ही कादंबरी या अपेक्षेने हाती घेणाऱ्याची निराशा होईल. तिच्यात एकही खून नाही. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ग्रँट येतो खरा, परंतु तो कडेकडेनेच वावरतो. कथेचा भार वाहतो तो एका लहान गावातला, चाळिशीतला, अविवाहित सॉलिसिटर. पणाला लागले आहे ते कुणाचे प्राण किंवा कुणाचे जडजवाहीर नव्हे. दोन स्त्रियांचे नाव पणाला लागले आहे. एवढ्याशा सामग्रीवर लेखिका वाचकाला शेवटपर्यंत बांधून ठेवते आणि त्याच ओघात एक संयत प्रेमकथाही सांगते. ही किमया कशी साधली, आणि ती साधताना लेखिकेच्या न्यायबुद्धीला कुठे तडा गेला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जोसेफिन टे हे टोपणनाव. लेखिकेचे खरे नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश. जन्म १८९६ साली इन्व्हर्नेस येथे. शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून काही वर्षे काम केल्यावर, आईच्या निधनानंतर वडिलांचे घर सांभाळण्यासाठी ती आपल्या गावी परतली आणि तेथूनच तिने लेखन केले. 'गॉर्डन डेव्हियट' या दुसऱ्या टोपणनावाने लिहिलेले 'रिचर्ड ऑफ बोर्डो' हे तिचे नाटक जॉन गिलगुड यांच्या भूमिकेमुळे लंडनमध्ये गाजले. १९५२ साली ती निवर्तली. लहान गावात सर्वांच्या नजरेखाली, तरीही स्वतःला मिटून घेऊन जगणाऱ्या माणसाला गावाचा स्वभाव जसा कळतो, तसा तो या कादंबरीत उतरला आहे.

कथा घडते ती मिलफर्ड या काल्पनिक इंग्रजी गावात. रॉबर्ट ब्लेअर हा तेथील जुन्या, प्रतिष्ठित पेढीचा सॉलिसिटर. मृत्युपत्रे, खरेदीखते आणि गुंतवणुकीचे सल्ले एवढेच त्याचे काम. दुपारी ठरलेल्या मिनिटाला त्याच्या मेजावर चहाचा ट्रे येतो. ट्रेमध्ये बिस्किटे दोन, आणि ती कोणत्या वारी कोणती असावीत हेही ठरलेले. त्या बिस्किटांकडे पाहताना आपले उभे आयुष्य असेच सरणार की काय, अशी पुसट हुरहुर त्याला लागते आणि त्याच सुमारास दूरध्वनीची घंटा वाजते. पलीकडून मॅरियन शार्प बोलत असते. गावाबाहेरील उंच भिंतीआडच्या 'फ्रँचाइज' नावाच्या जुनाट, कुरूप घरात ती आपल्या वृद्ध आईसह राहते. घर त्यांना वारसाहक्काने मिळालेले. गावाच्या लेखी त्या दोघी अद्याप उपऱ्याच.

त्यांच्यावर आलेला आरोप विलक्षण आहे. बेटी केन नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीचे म्हणणे असे, की या दोघींनी तिला मोटारीतून आपल्या घरी नेले, घरकामास नकार दिला म्हणून माळ्यावर कोंडले, उपाशी ठेवले आणि मारले. मुलीच्या अंगावर वळ आहेत. घराचे आणि आतील वस्तूंचे वर्णन ती बिनचूक करते. शार्प मायलेकी म्हणतात, आम्ही या मुलीला आजवर पाहिलेलेही नाही. आरोपाला बळ मिळते ते काळामुळे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले आहे, मोठ्या घरांना नोकर मिळेनासे झाले आहेत. अशा दिवसांत मोलकरणीसाठी कुणी एवढ्या थराला जाईल, हे लोकांना अशक्य वाटत नाही.

येथे लेखिकेने एक धाडस केले आहे. खोटे कोण बोलते आहे, हे ती फार काळ झाकून ठेवत नाही. रॉबर्टचा मायलेकींवर विश्वास बसतो आणि त्याच्याबरोबर वाचकाचाही. मग उत्कंठा उरते ती कशाची? खरे काय हे ठाऊक असूनही ते सिद्ध करता येत नाही, या असहायतेची. 'मी केले नाही' याला पुरावा कोठून आणावयाचा? त्या महिन्यात ती मुलगी कोठे होती हे शोधून काढल्याखेरीज सुटका नाही, आणि तिने तर आपला माग पुसून टाकला आहे. रहस्यकथेच्या नेहमीच्या कोड्यापेक्षा ही घालमेल अधिक खोल आहे, कारण ती कोणाच्याही वाट्याला येऊ शकते.

व्यक्तिरेखांपैकी सर्वांत हळुवारपणे घडवला आहे तो रॉबर्ट. तो शूर नाही, चतुरही नाही. प्रथम तर हे फौजदारी प्रकरण दुसऱ्या वकिलाकडे सोपवून तो मोकळा होऊ पाहतो. परंतु एकदा गुंतल्यावर त्याच्या ठरीव जीवनाची शिवण एकेक टाका उसवत जाते. मॅरियनवरील त्याचे प्रेम कोणत्याही भावुक प्रसंगातून प्रकट होत नाही. तिच्यासाठी तो धावपळ करतो, चिडतो, रात्री जागतो, आणि आपल्याला काय झाले आहे हे वाचकाच्या नंतर त्याला स्वतःला कळते.

मॅरियन उंच, सावळी, स्पष्टवक्ती आहे. गळ्याशी भडक रंगाचा रेशमी रुमाल बांधणाऱ्या या स्त्रीच्या चेहऱ्यात जिप्सी छटा आहे, असे लेखिका मुद्दाम सांगते. तिची आई तर धारदार जिभेची. पाहणाऱ्याला वाटावे की ही म्हातारी कुणालाही सहज बदडून काढील. म्हणजे या दोघी निरपराध आहेत, पण निरपराध दिसत नाहीत. उलट बेटी केन शाळेच्या साध्या कोटात, निष्पाप चेहऱ्याने उभी राहते. दिसणे आणि असणे यांतील या अंतरावर सारी कादंबरी उभी आहे.

पोलीस पुराव्याअभावी थबकतात तेव्हा 'ॲक-एमा' हे सवंग वृत्तपत्र मुलीची कहाणी छायाचित्रासह छापते आणि गाव आपला निवाडा देऊन मोकळे होते. बघ्यांची रीघ लागते. भिंतीवर पांढऱ्या रंगात शिव्या रंगवल्या जातात, खिडक्या फुटतात आणि शेवटी घरच पेटवले जाते. हे करणारे कुणी दरोडेखोर नव्हेत. आपण एका गरीब मुलीची बाजू घेत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. लारबरोचे बिशपही शहानिशा न करता मुलीच्या कैवारार्थ एका साप्ताहिकाला पत्र लिहितात. ख्रिस्ती वाचकाने येथे क्षणभर थांबावे. 'खोटी साक्ष देऊ नकोस' ही आठवी आज्ञा आपण बहुधा न्यायालयातील शपथेपुरती समजतो. ती साक्ष ऐकून, विश्वास ठेवून, पुढे नेणाऱ्याचे काय? बेटी केन एकदाच खोटे बोलली. गावाने ते हजार वेळा उच्चारले. चर्चच्या पायऱ्यांवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात आपणही ऐकीव गोष्ट किती सहज पुढे सरकवतो, याचा विचार ही कादंबरी उपदेशाचा एकही शब्द न काढता करायला लावते.

गावात चांगुलपणाही आहे. गॅरेजमधील स्टॅन्ली आणि बिल हे दोघे रात्री त्या घराची राखण करतात, कारण त्यांना मायलेकी आवडतात. त्यांना अधिक कारण लागत नाही. रॉबर्टची लिन आँटी खाण्यापिण्याची काळजी वाहणारी, भाबडी, प्रार्थनेवर भिस्त ठेवणारी. तिच्या भाबडेपणाला लेखिका हसते, पण तिच्या श्रद्धेची टिंगल करत नाही. सारे मार्ग खुंटले असता कोपनहेगनच्या एका हॉटेलमालकाच्या रूपाने मदत चालून येते, तेव्हा तिला त्याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

कथेचे बीज इतिहासातले आहे. १ जानेवारी १७५३ रोजी लंडनमधून एलिझाबेथ कॅनिंग नावाची अठरा वर्षांची मोलकरीण नाहीशी झाली आणि सुमारे महिन्याने हलाखीच्या स्थितीत परतली. आपल्याला एन्फील्ड वॉश येथील एका घरात कोंडले होते, असे तिने सांगितले. कादंबरीकार हेन्री फील्डिंग हे तेव्हा दंडाधिकारी होते. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. मेरी स्क्वायर्स या वृद्ध जिप्सी स्त्रीला फाशीची शिक्षा झाली. पुढे लंडनचे लॉर्ड मेयर क्रिस्प गॅस्कॉइन यांनी प्रकरण पुन्हा तपासून घेतले, स्क्वायर्सला माफी मिळाली आणि १७५४ साली खोट्या साक्षीबद्दल कॅनिंगला अमेरिकेत हद्दपार करण्यात आले. मॅरियनच्या चेहऱ्यातील जिप्सी छटेचा उगम येथे सापडतो. मात्र त्या महिन्यात कॅनिंग खरोखर कोठे होती, हे कधीच उलगडले नाही. इतिहासाने जे उघडे ठेवले ते टे यांनी ठामपणे मिटवले. माझा आक्षेप या ठामपणाशी निगडित आहे.

पुरावा हाती येण्याच्या फार आधी बेटी केनचा निवाडा झालेला असतो, आणि तो कशावरून? तिच्या डोळ्यांच्या निळ्या रंगावरून. त्या विशिष्ट निळ्या डोळ्यांची माणसे वासनेच्या आहारी गेलेली असतात, असे मॅरियन म्हणते आणि लेखिका तिला कोठेही खोडून काढत नाही. पुढे बेटीच्या जन्मदात्या आईचा स्वैर स्वभाव उघड होतो आणि मुलीचा दोष रक्तातूनच आला, असे सुचवले जाते. तिच्या बाजूने बोलणारी मोलकरीण रोझ ग्लिन चोर निघते; मुलीचे कैवारी मूर्ख ठरतात. मॅरियनला वकील हवा असतो तोही आपल्या वर्तुळातला. थोडक्यात, दिसण्यावरून दोन स्त्रियांना दोषी ठरवणाऱ्या गावावर रागावलेली ही कादंबरी तिसऱ्या मुलीला मात्र दिसण्यावरूनच दोषी ठरवते. तिचा अंदाज खरा निघतो, एवढाच फरक. पण अंदाज खरा निघाल्याने निवाड्याची रीत न्याय्य ठरत नाही.

'दानिएल'च्या ग्रंथातील सुसान्नेची कथा येथे आठवते. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये ती तेराव्या अध्यायात येते. दोन वडीलधारे एका सती स्त्रीवर व्यभिचाराचा आळ घेतात आणि जमाव त्यांच्यावर विश्वास ठेवतो. तरुण दानिएल साक्षीदारांना वेगळे करून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली? दोघे दोन झाडे सांगतात आणि खोटेपणा उघडा पडतो. दानिएल त्यांच्या चेहऱ्यावर निकाल देत नाही; त्यांच्या शब्दांची परीक्षा घेतो. टे यांच्या कथानकातही असे तपशील आहेत. उंच भिंतीआडचे ते घर बेटीला दिसले होते, ते दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरून. असा निखळ पुरावा हाताशी असताना लेखिकेने डोळ्यांच्या रंगाचा आधार घ्यावयास नको होता.

याहून गंभीर उणीव आणखी एक आहे. बेटीचे जन्मदाते आईबाप युद्धातील बॉम्बवर्षावात गेले. विन कुटुंबाने तिला वाढवले. परंतु ज्या मानलेल्या भावावर तिचा जीव होता, त्याचे लग्न ठरले आणि ती बिथरली. त्या अवस्थेत ती एका विवाहित फिरत्या विक्रेत्याबरोबर कोपनहेगनला गेली. अंगावरचे वळ पुढे त्याच्या पत्नीने दिले. आजचा वाचक विचारील, पंधरा वर्षांच्या मुलीला पत्नी म्हणून मिरवणाऱ्या त्या प्रौढ पुरुषाचा जबाब कोण घेणार? कादंबरी त्याला जवळजवळ मोकळा सोडते आणि सारा संताप मुलीवर ओतते. तिच्या खोटेपणाचे समर्थन कोणी करणार नाही. पण अपराधी असणे आणि दुखावलेले मूल असणे या दोन गोष्टी एकाच जिवात नांदू शकतात, हे लेखिकेने ओळखले नाही. सॅरा वॉटर्स यांना 'द लिट्ल स्ट्रेंजर' (२००९) या कादंबरीची प्रेरणा याच पुस्तकातून मिळाली, आणि त्यांनीही त्यातील वर्गीय भयावर बोट ठेवले आहे.

लेखिकेची करुणा शेवटी जागी होते ती पालक आई मिसेस विनपाशी. भर न्यायालयात बेटीची लबाडी उघडी पडते तेव्हा मायलेकींची सुटका होते, पण जिला आपण लेक मानले ती कधी अस्तित्वातच नव्हती, हे या सरळ बाईला सर्वांसमोर कळते. विजयाच्या क्षणी विजेत्यांनाही तिच्या दुःखापुढे मान खाली घालावी लागते. कादंबरीतील हा सर्वांत ख्रिस्ती क्षण आहे, आणि तो बिशपांच्या पत्राहून कितीतरी शांत आहे.

शेवटही तसाच संयत आहे. मॅरियन रॉबर्टचे लग्नाचे मागणे नाकारते आणि मायलेकी कॅनडाला निघतात. त्याच विमानात रॉबर्टही येऊन बसतो. चहाच्या ट्रेवरची दोन बिस्किटे मागे राहिली, हे वाचकाने ओळखावयाचे. गावाने त्या दोघींची क्षमा मागितल्याचा प्रसंग नाही. घर जळाले ते जळालेच. न्यायालय आरोप पुसू शकते, बोललेला शब्द परत घेऊ शकत नाही, हे कटू सत्य लेखिकेने गोड केलेले नाही.

म्हणून ही कादंबरी दोनदा वाचावी. पहिल्यांदा मॅरियन आणि तिच्या आईसाठी, गाव कसा निवाडा करते हे पाहण्यासाठी. दुसऱ्यांदा बेटी केनसाठी, आपण स्वतः कसा निवाडा केला हे पाहण्यासाठी. पहिल्या वाचनात खिडकीवर दगड मारणाऱ्यांचा राग येतो. दुसऱ्या वाचनात पहिल्याच भेटीत त्या मुलीच्या डोळ्यांवरून आपलेही मत ठरून गेले होते, हे ध्यानात येते. खोटे बोलणाऱ्यालाही न्याय्य रीतीनेच खोटे ठरवावे लागते, ही गोष्ट टे यांना पूर्णपणे साधली नसेल. परंतु तिची निकड इतक्या हळुवार, इतक्या रंजक कथेतून जाणवून देणारी पुस्तके थोडी आहेत.