लाट जाहीर नाही, म्हणून पळायचं?

सोलापुरात मे महिन्यात पारा 42 वर गेला, तरी बऱ्याचदा उष्णतेची लाट जाहीर होत नाही. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. मैदानी भागात तापमान 40 च्या वर हवं आणि सरासरीपेक्षा 4.5 अंश जास्तही (किंवा थेट 45). आपली सरासरीच चाळिशीच्या आसपास!

पण शिबिरात धावणाऱ्या नववीच्या पोराला सरासरीशी काय देणंघेणं? स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेतली साधारण तीन चतुर्थांश उष्णता बनते. ती घामानं जाते, तोही सुकला तर. माझा आक्षेप निकषावर नाही; त्याकडे बघून सराव ठरवण्यावर आहे.

'वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर'मध्ये ओल्या फडक्याच्या थर्मामीटरला 70 टक्के वजन, उन्हातल्या काळ्या गोळ्याला 20, साध्या तापमानाला फक्त 10. अमेरिकेतल्या जॉर्जियात शालेय फुटबॉलचा सराव 2012 पासून यावर ठरतो. म्हणून जूनमध्ये पारा उतरला की सर निर्धास्त होतात, तेव्हा मला जास्त धास्ती वाटते. हवा दमट, घाम सुकत नाही, आणि सुट्टीनंतर पोरं सवय मोडून आलेली. ती सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात.

आणि पळताना कोसळलेलं पोर बरळायला लागलं, तर अंगाला घाम आहे म्हणून 'उष्माघात नाही' असं समजू नका. रिक्षा शोधत बसण्याआधी त्याला गार पाण्याच्या टबात बसवा, डोकं वर धरा, तोवर कुणाला तरी 108 लावू द्या.