स्वप्नातले भान आणि स्वप्नावरची सत्ता

गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, दफनभूमीतील कबरींना आशीर्वाद देऊन आम्ही परतलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण धर्मगुरुनिवासाच्या पायरीवर वाट पाहत बसला होता. त्याच्या वडिलांना जाऊन दोन वर्षे झाली होती. हातात पाने पिवळी पडलेले एक इंग्रजी पुस्तक होते. तो म्हणाला, "फादर, आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच ओळखायला शिकता येतं. मी शिकतोय. मला पप्पांना भेटायचंय. यात काही पाप आहे का?"

असल्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देऊ नये. आम्ही म्हटले, "पुस्तक ठेवून जा, बाळा. वाचून सांगतो." त्या वचनातून हे परीक्षण निपजले आहे. त्या तरुणाच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत.

पुस्तकाचे नाव 'एक्सप्लोरिंग द वर्ल्ड ऑफ ल्युसिड ड्रीमिंग'. लेखक स्टीफन लाबर्ज आणि हॉवर्ड राइनगोल्ड. प्रकाशनाचे वर्ष १९९०. ल्युसिड ड्रीमला आम्ही येथे 'सजग स्वप्न' म्हणू. झोप मोडलेली नाही, स्वप्न चालू आहे, आणि तरीही 'हे स्वप्न आहे' एवढे भान स्वप्न पाहणाऱ्याला आहे, अशी ही अवस्था. नवशिक्याला या अवस्थेपर्यंत पायरी पायरीने नेणारे पुस्तक म्हणून आजही याचेच नाव प्रथम घेतले जाते.

ही केवळ थाप असेल, अशी शंका आम्हांलाही होती. ती प्रथम दूर करावयास हवी. झोपेत बुबुळे वेगाने हलतात असा एक टप्पा असतो आणि ठळक स्वप्ने बहुधा त्यातच पडतात, हे १९५३ साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखविले. सुमारे दर नव्वद मिनिटांनी येणारा हा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. या टप्प्यात शरीराचे स्नायू शिथिल पडतात, डोळे मात्र हलू शकतात. यावरूनच युक्ती सुचली. स्वप्नात भान आले की डोळे डावीकडून उजवीकडे ठरलेल्या रीतीने फिरवावयाचे, म्हणजे यंत्रावर खूण उमटेल. १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्सली या स्वप्नद्रष्ट्याकडून अशी खूण मिळविली. पुढे लाबर्ज यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वतंत्रपणे तेच सिद्ध करून १९८० साली डॉक्टरेट मिळविली. २०२१ मध्ये तर चार देशांतील प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसांना स्वप्न चालू असतानाच साधी गणिते घालून डोळ्यांच्या खुणांनी उत्तरे मिळविली. तेव्हा सजग स्वप्न ही कल्पित गोष्ट नव्हे.

आता शिकवण्याची रीत. पहिला धडा वहीचा. उशाशी वही ठेवावी आणि जाग येताच, हालचाल न करता, आधी स्वप्न आठवून मग लिहून काढावे. काही दिवसांनी त्या वहीत वारंवार येणाऱ्या विसंगती शोधाव्यात: पाडलेले जुने घर उभे दिसणे, परीक्षेला उशीर होणे, मृत व्यक्ती सहज वावरताना दिसणे. लेखक यांना 'स्वप्नखुणा' म्हणतात आणि त्यांचे चार वर्ग पाडतात. दुसरा धडा दिवसाचा. दिवसातून अनेकदा थांबून स्वतःला गंभीरपणे विचारावे, 'मी आत्ता स्वप्नात तर नाही?' मग एखादी अक्षरांची ओळ वाचावी, नजर हटवावी, पुन्हा वाचावी. स्वप्नात अक्षरे बहुधा बदललेली आढळतात. तिसरा धडा संकल्पाचा. पहाटे स्वप्नातून जाग आल्यावर ते स्वप्न आठवावे, त्यातच आपण भानावर आलो असे मनात पाहावे, आणि पुढच्या स्वप्नात हे स्मरण राहो, असा संकल्प करीत पुन्हा झोपी जावे. नेहमीपेक्षा लवकर उठून अर्धा-एक तास जागे राहून मग पुन्हा झोपल्यास यश लवकर येते, असेही सांगितले आहे.

या रीतीचे आम्हांस मनापासून कौतुक वाटले. लेखक चमत्काराचे आमिष दाखवीत नाहीत, सराव सांगतात. उद्या अमुक दिसले की तमुक आठवेन, अशी स्मरणशक्तीची लहान लहान तालीम ते आधी करवून घेतात. वाचताना आम्हांला सेमिनरीतील दिवस आठवले. संत इग्नेशियस यांनी घालून दिलेले दैनंदिन आत्मपरीक्षण याहून फार वेगळे नाही: दिवसाच्या ओघात थांबणे, आपण कोठे आहोत हे पाहणे, चुकलेले टिपणे. दिवसा जो झापड लावून जगतो तो रात्री जागा कसा होणार, ही या ग्रंथाची खरी शिकवण आहे आणि ती आपल्या कानांना परकी वाटू नये. दुःस्वप्नांवरील प्रकरणही उपयुक्त आहे. पाठलाग करणाऱ्यापासून पळू नये, वळून त्याला सामोरे जावे, हा सल्ला भेदरलेल्या कित्येकांना आधार देईल.

परंतु ग्रंथाचा दोषही येथेच सुरू होतो. भान आणि सत्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'हे स्वप्न आहे' हे कळणे एक. 'आता मी म्हणेन तसे येथे घडेल' हे दुसरे. लेखक पहिलीवरून दुसरीवर फार घाईने उडी घेतात. साहसांचे प्रकरण वाचताना स्वप्न हे जणू विनाशुल्क क्रीडांगण होते: उडा, भोगा, मनाजोगते घडवा, कोणाचे काही बिघडत नाही. शेवटच्या प्रकरणात जीवनाच्या व्यापक अर्थाकडे लेखक वळतात खरे, पण तोवर वाचकाला मालकीची चटक लागून गेलेली असते.

आपल्या परंपरेने या विषयाकडे अगदीच पाठ फिरविलेली नाही, हे येथे सांगावयास हवे. इ. स. ४१५ च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी एव्होडियस यांना लिहिलेल्या पत्रात जेन्नाडियस या वैद्याची हकिकत आहे. मरणोत्तर जीवनाविषयी त्याला संशय होता. त्याच्या स्वप्नात एक तरुण आला आणि त्याने त्याला एका नगरात नेऊन मधुर गायन ऐकविले. दुसऱ्या रात्री तोच तरुण पुन्हा आला आणि प्रश्न विचारू लागला. मला कोठे पाहिलेस? स्वप्नात. आता जे पाहतोस ते? तेही स्वप्नातच. तुझे शरीर कोठे आहे? बिछान्यावर. डोळे मिटलेले असताना तू मला कोणत्या डोळ्यांनी पाहतोस? वैद्य निरुत्तर झाला. शरीराचे डोळे मिटल्यावरही पाहणारा कोणी उरतो, हे त्याला तेथे उमगले. लक्षात घ्यावे, जेन्नाडियस पूर्ण भानावर होता, परंतु स्वप्नाचा मालक नव्हता. तेथे प्रश्न विचारले जात होते ते त्यालाच.

संत थॉमस अक्विनास तर नेमके निरीक्षण नोंदवून गेले आहेत. झोपेत कधी कधी माणूस आपण पाहतो ते स्वप्न आहे असे ठरवू शकतो. पण बुद्धी पूर्ण मोकळी झालेली नसते, म्हणून एक गोष्ट ओळखली तरी दुसरीत तो फसतोच. नवशिक्यांच्या अनुभवांशी हे तंतोतंत जुळते. 'हे स्वप्न आहे' असे ओळखूनही माणूस स्वप्नातली बस चुकू नये म्हणून धावत सुटतो! झोपेत बुद्धी बांधलेली असते म्हणून स्वप्नातील कृत्याचे पाप लागत नाही, हे सेमिनरीत आम्ही शिकलो. पण बुद्धी अर्धी सुटलेली असेल तर? मनाची जेवढी संमती, तेवढी जबाबदारी, एवढेच आम्ही नम्रपणे म्हणू. ग्रंथाने हा प्रश्न नीट हाताळलेला नाही, ही मोठी उणीव आहे.

'ल्युसिड ड्रीम' ही संज्ञा रूढ करणारे फ्रेडरिक व्हान एडन हे डच वैद्य व साहित्यिक. १९१३ च्या आपल्या निबंधात त्यांनी १८९८ ते १९१२ या काळातील आपल्या ३५२ सजग स्वप्नांचा हिशेब दिला आहे. मृत आप्तांच्या भेटीही त्यांत आहेत. स्वप्नांवर एवढा ताबा मिळवलेला हा मनुष्य १९२२ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत आला. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. एवढेच म्हणतो की स्वप्नातील भानाने त्यांचा शोध संपला नव्हता.

पुस्तक वाचून परीक्षण करावे आणि सराव मात्र टाळावा, हे आम्हांला प्रामाणिक वाटले नाही. म्हणून सहा आठवडे आम्ही वही ठेवली. यश सहज येत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात तिन्ही उपाय एकत्र करणाऱ्यांनाही आठवडाभराच्या प्रयत्नांत सुमारे १७ टक्के वेळाच यश आले होते. आम्हांला एकदाच आले. आमची आई जाऊन अकरा वर्षे झाली. पहाटेच्या स्वप्नात ती जुन्या घराच्या ओट्यावर सुपात तांदूळ पाखडीत होती. ते घर आता नाही, हे आठवले आणि लख्ख कळले की हे स्वप्न आहे. ग्रंथाप्रमाणे आता तिला हवे ते विचारता आले असते. शब्द ओठांवर आले आणि तेथेच थांबले. ती जे उत्तर देईल ते आमच्याच मनाने तिच्या तोंडी घातलेले असेल, हे त्या क्षणी स्पष्ट जाणवले. मनी वसे ते स्वप्नी दिसे! आम्ही नुसते पाहत राहिलो. थोड्याच वेळात जाग आली. उशी ओली होती. त्या सकाळची मिस्सा आम्ही तिच्यासाठी अर्पण केली.

नाताळ उलटल्यावर तो तरुण पुस्तक न्यायला आला. आम्ही त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, भानावर येण्यास शिकणे हे पाप नव्हे. दुसरी, झोप ही देवाची देणगी आहे. घड्याळाचा गजर लावून ती रोज तोडू नकोस, आणि मन आधीच थकलेले वा आजारी असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेला जाऊ नकोस. त्याचे डोळे खोल गेले होते. वर्गात पेंग येते, असे त्यानेच कबूल केले. तिसरी गोष्ट सांगणे कठीण होते. स्वप्नात पप्पा दिसले तर आनंद मान, पण त्यांना बोलवून घेऊ नकोस आणि त्यांच्या तोंडून स्वतःची सुटका मिळवू पाहू नकोस. आपण ज्यांना आज्ञा देऊ शकतो ते आपले मृत नव्हेत. ती आपली चित्रे आहेत. आपले मृत देवाच्या हाती आहेत, आणि त्यांच्याशी आपली खरी भेट प्रार्थनेत व ख्रिस्तप्रसादात होते.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, शेवटच्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलो होतो. तेवढंच सांगायचं होतं." त्याचा प्रश्न पुस्तकाचा नव्हताच. त्या संध्याकाळी आम्ही दोघे दफनभूमीत गेलो, आणि त्याला जे सांगावयाचे होते ते त्याने जागेपणी, मोठ्याने सांगितले.

तेव्हा वाचकहो, ग्रंथ वाचावा की नाही? वाचावा, परंतु दोन चाळण्यांतून. स्वप्नांची वही, दिवसाचे आत्मपरीक्षण आणि दुःस्वप्नाला सामोरे जाण्याचे धैर्य एवढे घ्यावे. मालकीची हाव सोडून द्यावी. मत्तयच्या शुभवर्तमानात संत योसेफला स्वप्नातून चार वेळा मार्गदर्शन लाभले. त्याने एकही स्वप्न मागितले नाही, एकही वळविले नाही. त्याचे मोठेपण झोपेत नव्हते. जाग आल्यावर तो उठला, आणि मरिया व बाळाला घेऊन अंधारातच वाटेला लागला.